विश्लेषण : समुद्रकिनारी खोली घेतली, पण दार कोणाच्या ताब्यात? हॉटेलातील खासगीपणा आणि सोय यांचा हिशेब

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि मे महिना या तीन हंगामांत कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील हॉटेले, लॉज आणि घरगुती निवासस्थाने भरून जातात. भाडे दुपटीवर जाते, खोली मिळाली यातच समाधान मानले जाते. मग दाराला आतून कडी नाही, न्हाणीघराच्या खिडकीला काच नाही, सफाई कर्मचारी न विचारता आत येतो, आधार कार्डाची प्रत मोबाइलवर काढून घेतली जाते आणि रात्री दोनपर्यंत शेजारी डीजे वाजतो, याकडे ‘चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष होते. पण यातील बहुतेक गोष्टी केवळ गैरसोयीच्या नाहीत. काही थेट गुन्हा आहेत, काही सेवेतील त्रुटी आहेत. हॉटेलातील खोली कायद्याच्या दृष्टीने कोणाची, पोलिसांना, मालकाला आणि पाहुण्याला तिथे कोणते अधिकार आहेत आणि तक्रार करायची तर ती कुठे, याचा हा आढावा.

बपेऱ्याचा समुद्राशी काय संबंध?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातले बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेले गाव. तिथली माणसे बावनथडी आणि वैनगंगेचे पात्र रोज पाहतात, पण समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तुमसर रोडहून नागपूर आणि तिथून पुढे मुंबई, रत्नागिरी किंवा मडगाव असा हा प्रवास. धानाचे पैसे हाती आल्यावर, लग्नानंतर किंवा मुलांची परीक्षा संपल्यावर अनेक कुटुंबे आयुष्यात एकदाच ही सहल करतात.

या विषयात सर्वांत जास्त पणाला लागलेले असते ते अशाच पर्यटकाचे. मुंबई-पुण्याचा माणूस खोली आवडली नाही तर गाडी काढून पुढच्या गावी जातो, पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. पूर्व विदर्भातून आलेल्या कुटुंबाकडे परतीचे तिकीट ठरलेले असते, आगाऊ रक्कम भरलेली असते, ओळखीचे कोणी नसते आणि सोबत लहान मुले व म्हातारी माणसे असतात. त्यामुळे जे मिळेल ते निमूट स्वीकारले जाते. खासगीपणा ही पंचतारांकित हॉटेलातील चैन आहे, हा समज इथूनच बळावतो. प्रत्यक्षात दीड हजारांच्या खोलीतील माणसाला कडी-कोयंड्याची जितकी गरज असते, तितकीच पंधरा हजारांच्या खोलीतील माणसाला असते. कायदाही या दोघांत फरक करत नाही.

खोलीचे भाडे म्हणजे नेमके कशाचे पैसे?

पलंग, पंखा, पाणी आणि गॅलरीतून दिसणारा समुद्र यांचे पैसे आपण भरतो असे पाहुण्याला वाटते. हॉटेलचालकालाही तसेच वाटते. पण खोली भाड्याने घेणे म्हणजे ठरावीक काळासाठी एक बंद दार विकत घेणे. त्या दाराच्या आत माणूस झोपतो, कपडे बदलतो, औषध घेतो, बाळाला पाजतो, भांडतो आणि रडतो. हे सगळे घरी जितक्या निर्धास्तपणे करता येते, तितक्याच निर्धास्तपणे तिथे करता आले तरच ती खोली. नाही तर तो फक्त छप्पर असलेला ओटा.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. या निकालाचा भर सरकार आणि नागरिक यांच्यातील संबंधांवर होता. पण त्यातील एक विचार हॉटेलच्या खोलीलाही लागू पडतो. खासगीपणा भिंतींना चिकटलेला नसतो, तो माणसाबरोबर फिरतो. माणूस घराबाहेर पडला म्हणून तो खासगीपणा गावी ठेवून येत नाही.

मढ-अक्साच्या छाप्यांत काय घडले होते?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा झाली ती ऑगस्ट २०१५ मध्ये. मुंबईच्या मालवणी पोलिसांनी ६ ऑगस्टला मढ बेट आणि अक्सा भागातील हॉटेलांवर छापे टाकून ४० हून अधिक जोडप्यांना ताब्यात घेतले. ही सज्ञान माणसे होती, त्यांनी पैसे भरून खोल्या घेतल्या होत्या आणि ती बंद दाराआड होती. तरीही अनेकांवर मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याबद्दल, कारवाई झाली आणि प्रत्येकी १२०० रुपये दंड आकारला गेला. घरच्यांना कळवण्याचा धाक घातल्याचे आरोपही झाले. टीकेचे मोहोळ उठल्यावर तत्कालीन पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी चौकशीचे आदेश दिले.

या प्रकरणातील विसंगती साधी आहे. आतून बंद केलेली, भाड्याने घेतलेली खोली ‘सार्वजनिक ठिकाण’ कशी ठरते? ती तशी ठरत असेल, तर त्याच न्यायाने मधुचंद्राला गेलेले नवदाम्पत्य आणि मुलांसह गेलेले कुटुंबही सार्वजनिक ठिकाणीच झोपलेले असते. पोलिसांना देहविक्रीच्या संशयावरून तपास करण्याचा अधिकार आहे. पण त्यासाठी १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्यात झडतीच्या वेळी साक्षीदार व महिला पोलिसांच्या उपस्थितीच्या अटी आहेत. त्या अटी वगळून सोपे कलम वापरणे म्हणजे तपास नव्हे, ती नैतिक पहारेदारी झाली.

अविवाहित जोडप्याने एकत्र राहणे गुन्हा आहे का?

नाही. सज्ञान स्त्री-पुरुषाने हॉटेलच्या एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा देशात नाही. कोइमतूरमधील एका निवासस्थानाला प्रशासनाने २०१९ मध्ये टाळे ठोकले होते. खोलीत अविवाहित जोडपे आढळले, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही कारवाई अवैध ठरवली. अशा वास्तव्याला मनाई करणारा कायदाच नसताना त्याला बेकायदा म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हॉटेलचालकाने स्वतःचा नियम म्हणून अशा जोडप्यांना नकार देणे हा वेगळा मुद्दा. जानेवारी २०२५ मध्ये ओयोने मेरठमधील भागीदार हॉटेलांसाठी असा बदल जाहीर केला, तेव्हा त्यावर देशभर वाद झाला. नियम असावा की नसावा याबद्दल मते वेगळी असू शकतात. पण असा नियम असेल तर तो पैसे घेण्याआधी, आरक्षणाच्या पानावर ठळकपणे दिसला पाहिजे. रात्री नऊ वाजता बॅगा घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसांना लग्नाचा फोटो दाखवायला लावणे आणि नसेल तर आगाऊ रक्कम गिळून त्यांना बाहेर काढणे याला नियम म्हणत नाहीत. याचा फटका केवळ प्रेमी युगुलांना बसत नाही. भाऊ-बहीण, सोबत काम करणारे सहकारी, आडनाव न बदललेली पत्नी यांनाही हीच उलटतपासणी सोसावी लागते.

छुप्या कॅमेऱ्याची भीती कितपत खरी?

ती अवाजवी नाही. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे कपड्यांच्या दुकानातील एका कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याची तक्रार तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी केली आणि तो विषय देशभर गाजला. दक्षिण कोरियात मार्च २०१९ मध्ये उघड झालेला प्रकार याहून भयंकर होता. १० शहरांतील ३० हॉटेलांच्या ४२ खोल्यांत टीव्हीचे खोके, भिंतीवरील सॉकेट आणि केस वाळवण्याच्या यंत्राचा कप्पा अशा ठिकाणी कॅमेरे बसवून सुमारे १६०० पाहुण्यांचे चित्रण थेट इंटरनेटवर दाखवले जात होते.

भारतातील कायदा याबाबत स्पष्ट आहे. स्त्रीच्या खासगी क्षणांकडे चोरून पाहणे किंवा त्यांचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांना भारतीय दंड संहितेचे कलम ३५४ क लागू होते. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा दोषी ठरल्यास तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. स्त्रीने चित्रणाला संमती दिली असली, तरी ते इतरांना पाठवण्याला संमती नसेल तर पाठवणे हाही गुन्हाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई स्त्री, पुरुष वा अन्य कोणाच्याही खासगी अवयवांच्या चित्रणाला लागू होते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खोली तपासायची कशी?

खोलीत शिरल्यावर पाच मिनिटे पुरतात. पलंग आणि न्हाणीघराच्या दिशेने रोखलेली प्रत्येक वस्तू पाहावी. धूरसूचक, भिंतीवरील घड्याळ, सेट टॉप बॉक्स, आधीपासून लावून ठेवलेला चार्जर, आरशाची चौकट, छतातील भोके या नेहमीच्या जागा. दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चचा झोत हळूहळू फिरवला, तर भिंगावरून प्रकाश परत चमकतो. वायफायवर जोडलेली उपकरणे दाखवणारी अ‍ॅप आहेत, पण मेमरी कार्डवर चित्रण साठवणारा कॅमेरा त्यांत दिसत नाही. त्यामुळे अ‍ॅपने ‘सर्व ठीक’ म्हटले तरी त्यावर भिस्त ठेवू नये.

संशयास्पद वस्तू सापडलीच तर ती उपटून काढण्याचा मोह टाळावा. तिचे जागेवरच छायाचित्र आणि व्हिडीओ घ्यावा, वरून कापड टाकावे, खोलीबाहेर यावे आणि ११२ वर फोन करावा. ती वस्तू व्यवस्थापकाच्या हाती देणे म्हणजे पुरावा स्वाधीन करणे. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. त्यामुळे परतीची गाडी चुकेल या भीतीने तक्रार सोडून देण्याचे कारण नाही. चित्रण ऑनलाइन पसरल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. अशा मजकुराबाबत पीडित व्यक्तीची तक्रार येताच २४ तासांत तो हटवण्याचे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर घातले.

गुन्हा कर्मचाऱ्याचा, मग हॉटेलची जबाबदारी किती?

असा प्रकार घडला की ‘कंत्राटी मुलगा होता, कामावरून काढला’ हे ठरलेले उत्तर येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये टी-२० विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात असलेल्या विराट कोहलीच्या पर्थ येथील खोलीत तो नसताना शिरून चित्रण करण्यात आले. ते पसरल्यावर कोहलीने जाहीर नाराजी व्यक्त केली. हॉटेलने माफी मागितली आणि संबंधितांना कामावरून दूर केले. जगप्रसिद्ध खेळाडूच्या खोलीची ही गत असेल, तर सामान्य पाहुण्याचे काय, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला.

अमेरिकेतील एरिन अँड्र्यूज यांचे प्रकरण जबाबदारीच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. २००८ मध्ये नॅशव्हिलच्या एका हॉटेलात या क्रीडा पत्रकाराच्या शेजारची खोली एका इसमाने मागून घेतली आणि दाराच्या नेत्रछिद्रातून तिचे चित्रण करून ते इंटरनेटवर टाकले. मार्च २०१६ मध्ये ज्युरींनी साडेपाच कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि त्यातील ४९ टक्के वाटा हॉटेलचा मालक व चालक कंपनीवर टाकला. कॅमेरा हॉटेलने लावला नव्हता. पण पाहुणी कोणत्या खोलीत आहे हे त्या इसमाला कळले आणि तिला न विचारता शेजारची खोली त्याला मिळाली, हा निष्काळजीपणा कमी नव्हता.

भारतात इतकी मोठी भरपाई मिळत नाही, पण ‘आम्ही जबाबदार नाही’ ही पाटी लावली की सुटका होते असेही नाही. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलात १९९८ मध्ये कर्मचाऱ्याकडे सोपवलेली मोटार चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल देताना म्हटले की, वस्तू ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील अटीने झटकता येणार नाही. मोटारीच्या बाबतीत जे तत्त्व आहे, ते खोलीत झोपलेल्या माणसाच्या बाबतीत त्याहून जास्त लागू पडायला हवे.

ओळखपत्र द्यावे, पण प्रत का?

पाहुण्यांची नोंदवही ठेवणे हॉटेलला बंधनकारक असते आणि सुरक्षेसाठी ते रास्तही आहे. परदेशी पाहुण्यांची माहिती तर शासनाला कळवावीच लागते. प्रश्न नोंदीचा नाही, प्रतींचा आहे. कुटुंबातील सर्वांच्या आधार कार्डांचे फोटो व्यवस्थापकाच्या वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. हंगाम संपला की तो मुलगा दुसरीकडे कामाला लागतो आणि फोटो त्याच्या मोबाइलमध्ये तसेच राहतात.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने, परवाना नसलेल्या हॉटेलांना आधारच्या प्रती घेण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार नाही, असा इशारा दिला. गोंधळ उडेल म्हणून दोनच दिवसांत तो मागे घेण्यात आला. पण त्यात सुचवलेला उपाय आजही उपलब्ध आहे. शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र हाही पर्याय आहे. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर हॉटेलचे नाव, तारीख आणि ‘फक्त निवासासाठी’ असे आडवे लिहून सही करणे ही जुनी, पण उपयोगी सवय.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कशासाठी घेतली हे सांगणे, ती सुरक्षित ठेवणे आणि काम संपल्यावर पुसून टाकणे अशी त्याची दिशा आहे. कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. मुख्य बंधने लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. या काळात मोठ्या साखळी हॉटेलांची तयारी होईल. खरा प्रश्न चार खोल्यांच्या लॉजचा आहे, कारण तिथे वहीही तीच, मोबाइलही तोच आणि नियम सांगणारे कोणीच नाही.

सोयीचा मुद्दा किरकोळ का नाही?

खासगीपणा आणि सोय या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा एकीतूनच दुसरी जन्मते. पडदा आखूड असला की वारा अडवायचा की नजर, असा प्रश्न पडतो. पंखा बंद म्हणून खिडकी उघडावी तर ती जाण्यायेण्याच्या वाटेवर. न्हाणीघराला अर्धपारदर्शक काच बसवणे ही अलीकडची टूम, पण त्या खोलीत सासू-सून किंवा वाढत्या वयाची मुलगी राहणार असेल तर ती काच म्हणजे शिक्षाच. दोन खोल्यांना जोडणारे मधले दार पलीकडून बंद आहे की नाही, याची खात्री पाहुण्याला करता येत नाही.

किनाऱ्यावरच्या काही अडचणी निसर्गाच्या आहेत. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी आटते, काही ठिकाणी मचूळ होते. खाऱ्या हवेने कड्या, बिजागऱ्या आणि वातानुकूलन यंत्रे लवकर गंजतात. पावसाळ्यात वीज जाते. या गोष्टी आधी सांगितल्या तर पाहुणा समजून घेतो. राग येतो तो फसवणुकीचा. ‘समुद्राभिमुख’ म्हणून विकलेल्या खोलीतून दिसते ती पाण्याची टाकी, आणि जाहिरातीतला फोटो असतो दुसऱ्याच इमारतीचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जेवणाच्या बिलात परस्पर सेवा शुल्क जोडण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली.

आवाजाबाबत तर नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातील ठरावीक दिवशी, तेही जास्तीत जास्त १५ दिवस, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हणजूण-वागातोर भागातील रात्रीच्या संगीताचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो तिथे राहणाऱ्या गोवेकरांच्याच तक्रारीवरून. म्हणजे झोप पर्यटकाचीही मोडते आणि गावाचीही.

हॉटेलचालकांचे म्हणणे काय?

त्यांची बाजूही ऐकायला हवी. कोकणातील असंख्य निवासस्थाने म्हणजे घराच्या दोन-तीन जादा खोल्या. तिथे पाहुणा गिऱ्हाईक कमी आणि घरचा जास्त असतो. घरची मावशी चहा घेऊन थेट आत येते, त्यात तिचा वाईट हेतू नसतो. हंगामी कामगार दर वर्षी बदलतात, त्यांना शिकवायला वेळ नसतो. उद्या खोलीत काही विपरीत घडले, तर पोलीस आधी मालकालाच बोलावतात. म्हणून तो कागद जास्त मागतो आणि प्रश्नही जास्त विचारतो. प्रवेशद्वार, वाहनतळ आणि जिन्यातील कॅमेरे चोरी रोखण्यासाठी लागतात, हेही खरे.

पण यातल्या कशासाठीही खोलीच्या आतल्या खासगीपणाचा बळी द्यावा लागत नाही. दारावर टकटक करून उत्तराची वाट पाहायला पैसे लागत नाहीत. आतून लावायची कडी शंभर-दोनशे रुपयांत बसते. घरगुती निवास आणि हॉटेल यांत आपुलकीचा फरक असावा, दाराच्या कडीचा नसावा. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून जगभरातील आपल्या निवासस्थानांत आतल्या भागात कॅमेरे ठेवण्यास पूर्ण बंदी घातली. दिवाणखान्यातला, आधी सांगून लावलेला कॅमेराही त्यात आला. हजारो घरमालकांना हे जमू शकते, तर कोकणातील घरमालकांनाही ते अवघड नाही.

पर्यटकांवर काहीच जबाबदारी नाही?

आहे, आणि ती अनेकदा पाळली जात नाही. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याला एक सूचनापत्र काढावे लागले. अनोळखी व्यक्तींचे, विशेषतः समुद्रात पोहणाऱ्या किंवा वाळूत ऊन घेत पहुडलेल्या पर्यटकांचे, त्यांच्या परवानगीशिवाय फोटो काढू नका, असे त्यात बजावले होते. स्वतःच्या खोलीच्या पडद्याबद्दल जागरूक असलेला माणूस किनाऱ्यावर मात्र दुसऱ्याच्या बायकोवर मोबाइल रोखतो, हे चित्र नवे नाही. मासे सुकवणाऱ्या कोळणीचा न विचारता रील बनवणे, कोणाच्याही अंगणातून किनाऱ्यावर घुसणे, मध्यरात्री गॅलरीत ओरडणे हेही खासगीपणावरचेच आक्रमण आहे.

तक्रारीसाठी पुन्हा कोकणात जावे लागते का?

जावे लागत नाही, आणि ही बाब फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. हॉटेल मालवणात असो की मडगावात, बपेऱ्याच्या ग्राहकाला भंडारा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागता येते. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तर अनेकदा तडजोडीने पैसे परत मिळतात.

मात्र तक्रार टिकते ती पुराव्यावर. आरक्षणाच्या पानाचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, आत शिरताच काढलेला खोलीचा दोन मिनिटांचा व्हिडीओ आणि व्यवस्थापकाला केलेला लेखी संदेश एवढे जपून ठेवावे. तोंडी भांडणाची नोंद कुठेच राहत नाही. जीएसटीसह पक्के बिल मागण्यात संकोच करू नये. थोड्या सवलतीसाठी बिल न घेणारा ग्राहक आपला दावाच कमकुवत करून घेतो.

आता काय व्हायला हवे?

नव्या कायद्याची गरज फारशी नाही. आहेत ते कायदे खोलीच्या दारापर्यंत पोहोचायला हवेत. गोव्यात १९८२ च्या कायद्याने पर्यटन व्यावसायिकांना नोंदणी सक्तीची आहे, महाराष्ट्रात पर्यटन खाते आणि एमटीडीसीच्या निवास-न्याहारीसारख्या योजना आहेत. या नोंदणीलाच काही किमान अटी जोडता येतील. प्रत्येक खोलीला आतून कडी, न्हाणीघराला अपारदर्शक दार-खिडकी, कॅमेरे कुठे आहेत याचा दर्शनी फलक, ओळखपत्राच्या प्रती किती दिवस ठेवणार याची लेखी माहिती आणि दाराच्या मागे मराठीत छापलेला एक कागद. त्या कागदावर पाहुण्याचे हक्क, ११२ आणि १९१५ हे क्रमांक आणि नोंदणी क्रमांक असावा. अटी पाळल्या की नाही हे पाहायला वर्षातून एक अचानक तपासणी पुरेल, आणि ती नाताळच्या आधी व्हावी.

पोलिसांसाठीही एक स्पष्ट लेखी कार्यपद्धती हवी. बंद खोलीचे दार कोणत्या कारणासाठी, कोणाच्या आदेशाने आणि कोणाच्या उपस्थितीत उघडता येते, हे मढ-अक्साच्या छाप्यांनंतर ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर राहता कामा नये.

पर्यटनातून रोजगार हवा, म्हणून कोकण आणि गोवा देशभरच्या माणसांना बोलावतात. त्यासाठी रस्ते होतात, महोत्सव भरतात, जाहिरातींवर खर्च होतो. पण भंडाऱ्याहून आलेले कुटुंब गावी परतल्यावर चार शेजाऱ्यांना काय सांगते, यावर पुढच्या वर्षीचे आरक्षण ठरते. तिथे सूर्यास्ताचे कौतुक होतेच. त्याबरोबर घरातली बाईमाणसे निर्धास्त झोपली की नाही, हेही विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असावे, यासाठी लागणारा खर्च एका कडीचा, एका पडद्याचा आणि दारावरच्या एका टकटकीचा आहे.